वार झाल्यावर

टाळी वाजवणं हा तसा गुन्हा नाही. पण खैतानमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका शुक्रवारी सकाळी मी जी टाळी वाजवली, तिच्याबद्दल पुढची बारा वर्षं मला ऐकून घ्यावं लागलं. ऐकवणारा माणूसही असा, की आवाज कधी चढवायचा नाही. चहात साखर किती घालायची हे सांगावं तसं सांगायचा. त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

त्र्याण्णव सालचा हिवाळा होता. कुवेतला येऊन मला तीन आठवडे झाले होते. बायको आणि मुलगी व्हिसाची वाट बघत पुण्यात होत्या, आणि मी कपडे किती पिळले म्हणजे वाळतात या विषयाचा स्वतःच अभ्यास करत होतो. बादली घेऊन गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडून एक आरोळी आली. पोटातून काढलेली. मला वाटलं, कोणीतरी पडलं. धावत गेलो.

कोणी पडलं नव्हतं. एक पंचेचाळिशीचा किडकिडीत गृहस्थ बनियन आणि काळी घोळदार विजार घालून उभा होता. चष्म्याला मागून रबर लावलेलं. हातात बांबूच्या पट्ट्या बांधून केलेली लांब तलवार. समोर लोखंडी खांबाला गाडीचं जुनं टायर टांगलेलं. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने पुन्हा आरोळी ठोकली, पुढे झेपावला आणि टायरच्या टाळक्यावर असा काही वार केला की शेजारच्या डिश अँटेनावरची दोन कबुतरं उडाली. वार करून तो टायरच्या बाजूने तीनचार पावलं पुढे गेला, गर्रकन वळला आणि तलवारीचं टोक टायरवर रोखून उभा राहिला.

मी बादली खाली ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, "अरे वा! झकास!"

तो हलला नाही. टायर मात्र हलत होतं. ते हलायचं थांबेपर्यंत तो तसाच उभा. मग त्याने तलवार हळूहळू खाली घेतली, टायरला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून स्वच्छ नाशिककडच्या मराठीत म्हणाला, "नवीन आलात वाटतं. माझा वार फुकट घालवलात."

"अहो, लागला की! मी बघितला ना."

"लागला. संपला नव्हता."

"सॉरी. आता झालं ना?"

"झालं हा शब्द तुम्ही फार लवकर वापरता," तो म्हणाला.

ही आमची ओळख. शनिवारी शुऐबाला कामावर गेलो, तर हाच माणूस कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये हेल्मेट घालून उभा. फिरत्या यंत्रांच्या दुरुस्तीचा आमच्या प्लान्टमधला तो मुख्य माणूस निघाला. सगळे त्यांना 'सर' म्हणत, मीही म्हणायला लागलो. माझ्या बायकोने आल्याआल्या त्यांना 'भाऊजी' करून टाकलं. त्यांची स्वतःची बायको नाशिकला शाळेत शिकवायची. नोकरी सोडून वाळवंटात यायची तिची इच्छा नव्हती आणि सरांचा आग्रह नव्हता. वर्षातून चाळीस दिवस ते घरी जात. दर सोमवारी फोन करत. बोलणं संपलं की रिसीव्हर कानालाच धरून उभे राहत. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज ऐकल्याशिवाय स्वतः ठेवायचे नाहीत. त्यांच्या बायकोला ते ठाऊक होतं. एकदा आमच्या घरून फोन करत होते तेव्हा नाशिकचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता, "अहो, मी आहे अजून! ठेवा आता!"

जपान त्यांच्या आयुष्यात कंपनीच्या कामाने आलं होतं. तरुणपणी, भारतातल्या नोकरीत असताना, त्यांना दीड वर्ष तिथल्या कॉम्प्रेसरच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. हे शाकाहारी, दारू न पिणारे. संध्याकाळी बाकीचे जेवायला-प्यायला जात, हे खोलीत भात शिजवत बसत. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनला दया आली. त्याने यांना शाळेच्या हॉलमध्ये नेलं आणि हातात बांबूची तलवार दिली. पहिले चार महिने नुसते पाय सरकवायला शिकवलं. पाचव्या महिन्यात वार, आणि वारापाठोपाठ ते उभं राहणं. त्याला तिकडे झानशिन म्हणतात. "झान म्हणजे उरलेलं," सर सांगत, "आणि शिन म्हणजे मन. वार केल्यावर जे मन मागे उरतं, ते."

"म्हणजे सावध राहायचं. शत्रू उठून मारेल म्हणून," मी एकदा शहाणपण केलं.

"ते आहेच. पण शत्रू उठणारच नाही अशी खात्री असली तरी उभं राहायचं."

"मग कशाला?"

"तो पडलाय ना, तुमच्यामुळे. लगेच पाठ कशी फिरवाल?"

मला काही कळलं नाही. मी मान हलवली. सरांना ती मान कळत असे.

त्या तलवारबाजीच्या खेळाचा नियम त्यांनी मला इतक्यांदा सांगितला, की आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सांगेन. वार कितीही अचूक बसू दे, त्यानंतर खेळाडू ढिला पडला, हसला, हात उंचावला किंवा आपल्या लोकांकडे बघायला लागला, तर गुण मिळत नाही. दिलेला असला तरी काढून घेतात. "आपल्याकडे विकेट पडली की मैदानभर नाचतात," सर म्हणत. "तिथे नाचलं की विकेट परत."

या झानशिनपायी त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे शिक्षा होती. दाराला कुलूप लावलं की ते कुलपाकडे बघत उभे. गाडी लावली की इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. आम्ही भर उन्हात बाहेर, "सर, चला ना!" बकालावाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याने, दह्याचा डबा हातात दिला की हे आभार मानून दोन क्षण त्याच्याकडे बघत राहत. तो बिचारा मलबारी घाबरून विचारी, "और कुछ?" आमच्या इमारतीचा राखणदार इजिप्तचा होता. त्याला सुरुवातीला त्या आरोळ्यांमुळे वाटलं की वर कोणी कोणाला मारतंय. तो काठी घेऊन गच्चीवर गेला. दोन्ही काठीवाले समोरासमोर आले. सरांनी त्याला वाकून नमस्कार केला. त्यानंतर दर शुक्रवारी राखणदार त्यांच्यासाठी काळा चहा वर नेऊ लागला, आणि मला खाली पकडून विचारायचा, त्या टायरने यांचं काय वाईट केलंय?

खोटं मात्र बोलायचे नाहीत. तलवार पहिल्यांदा कुवेतला आणली तेव्हा विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं, हे काय आहे? कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पडद्याची काठी. हे म्हणाले, "तलवार." दोन तास बसवून ठेवलं. शेवटी अधिकाऱ्याने बांबू हातात घेऊन वाकवून बघितला आणि वैतागून परत दिला. तो दुसऱ्या प्रवाशाकडे वळला तरी हे तिथेच उभे. त्याने वर बघितलं आणि पुन्हा बॅग उघडायला लावली.

या सगळ्याचा उपयोग मला पहिल्यांदा दिसला तो प्लान्टमध्ये. मोठं यंत्र बंद केलं तरी लगेच थांबत नाही. आतला जड भाग आपल्या जोरावर काही मिनिटं फिरत राहतो आणि हळूहळू थांबतो. आम्ही शिफ्टवाले बटण दाबलं की वहीत वेळ लिहून चहाला जायचो. सर असले की चहा नाही. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. मला हातात स्टॉपवॉच देऊन बाजूला उभं करत. "घड्याळ तुम्ही बघा. मला ऐकू द्या." स्वतः कधी विचारायचे नाहीत किती झालं. एकदा चार मिनिटं फिरणारं यंत्र अडीच मिनिटांत थांबलं. मी आनंदाने म्हणालो, "चला, आज लवकर झालं!" सरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा टाळीच वाजवली होती. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं तर बेअरिंग खरवडून गेलेलं. "चालू असताना यंत्र आपलं ऐकतं," सर म्हणाले, "बंद केल्यावर स्वतःचं बोलतं. तेव्हा तुम्ही चहाला."

झानशिन मला कळायच्या आधी माझ्या बायकोला कळलं, हे कबूल करायला हवं. एका संध्याकाळी सर जेवायला आले होते आणि मला तेच पुराण सांगत होते. ती आतून गॅसजवळून म्हणाली, "भाऊजी, म्हणजे दुधासारखं ना? गॅस बंद केल्यावरही दूध एकदा वर येतंच. तेवढा वेळ बघत राहायचं. हे तर आम्ही रोज करतो."

सर खुर्चीतून उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि कमरेतून पूर्ण वाकून तिला नमस्कार केला. ती इतकी गोंधळली, की पदर सारखा करायला गेली. अंगात गाऊन होता. आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

शहाण्णव की सत्याण्णव साल असेल. पुण्याहून मेहुण्याचा फोन आला. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन रविवारी सकाळी ठरलं होतं आणि डॉक्टरांनी आशा फार दाखवली नव्हती. ते सारखं लेकीचं नाव घेत होते. बायकोला कसंही करून शनिवारी रात्रीपर्यंत पुण्यात पोचायचं होतं. मुंबईचं तिकीट मिळालं ते शुक्रवारी दुपारचं. ते चुकलं तर पुढचं थेट सोमवारी.

त्या दिवशी माझी दुपारची शिफ्ट होती आणि बदली माणूस नव्हता. सर म्हणाले, "मी माझी गाडी घेऊन येतो तुमच्याबरोबर. तुम्ही विमानतळावरून परस्पर शुऐबाला जा."

मी सगळी तयारी चोख केली होती. इथेच माझं चुकलं. बायकोचा पासपोर्ट नुकताच नवीन झाला होता, आणि कुवेतमध्ये राहायच्या परवान्याचा, म्हणजे इकाम्याचा शिक्का होता जुन्यात. तो नव्यावर उतरवून घ्यायचा राहिला होता. त्यामुळे बाहेर पडताना दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत, हे मला पक्कं माहीत होतं. इतकं पक्कं, की सावधगिरी म्हणून मी आदल्या दिवशी ऑफिसात दोन्हींच्या चारचार झेरॉक्स काढल्या. त्या प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या, पाकीट बायकोच्या पर्समध्ये ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, "झालं!"

तीन तास आधी विमानतळावर पोचलो. मुलगी चार वर्षांची, तिचं नाव आईच्याच पासपोर्टात होतं. सामान गेलं, बोर्डिंग पास मिळाले. काचेच्या भिंतीपलीकडे पासपोर्ट तपासणीची रांग होती, सोडायला आलेल्यांना तिथून पुढे जाता येत नसे. दोघी आत गेल्या. मुलीने हात हलवला, मी हलवला. त्या रांगेत लागल्या. मी हात झटकले, "झालं, चला सर," म्हणालो.

"तुम्ही निघा," सर म्हणाले. "मी आहे."

"अहो, गेल्या त्या! आता काय बघायचंय?"

"निघा तुम्ही. शिफ्ट आहे."

मी माझी गाडी काढली आणि शुऐबाचा रस्ता धरला. वाटेत थोडं हसूही आलं. त्या माणसाला कोणी जाताना पाठ फिरवणं जमतच नाही, म्हणून.

पुढचं बायकोने सांगितलेलं. रांग हळू होती. तिचा नंबर आल्यावर अधिकाऱ्याने नवीन पासपोर्ट उलटसुलट केला आणि जुना मागितला. तिने पाकीट दिलं. त्याने त्यातून चार झेरॉक्स बाहेर काढल्या, आणखी चार बाहेर काढल्या, पाकीट झटकलं. "कागद नको. पासपोर्ट." तिने पर्स रिकामी केली. मागे रांग खोळंबलेली, मुलगी रडायला लागलेली. अधिकारी वाईट नव्हता. त्याने हाताने बाहेरची वाट दाखवली, म्हणजे घेऊन या.

नवरा शुऐबाच्या वाटेवर. त्या काळात आमच्यापैकी कोणाकडे मोबाइल नव्हता. शुक्रवार, ऑफिसं बंद. ओळखीतलं कोणी विमानतळाजवळ राहत नव्हतं. ती मुलीला कडेवर घेऊन वळली आणि तिने काचेकडे बघितलं.

"ते होते तिथे," ती म्हणते. एवढंच म्हणते.

सरांनी तिला बसवलं नाही, धीर दिला नाही, 'आता कसं होणार' म्हणाले नाहीत. एकच विचारलं, "वहिनी, जुना पासपोर्ट हातात शेवटचा कधी बघितलात?"

"काल सकाळी. यांनी झेरॉक्स काढायला नेला होता."

"नव्याची झेरॉक्स नंतर काढली असेल की जुन्याची?"

"मला काय माहीत, भाऊजी!"

सर म्हणे किंचित हसले. मग सार्वजनिक फोनपाशी गेले आणि आमच्या कंट्रोल रूमचा नंबर फिरवला.

मी नुकताच पोचून हेल्मेट काढत होतो. फोन उचलला.

"ऑफिसचं कुलूप सिक्युरिटीकडून उघडून घ्या," सरांचा आवाज. "झेरॉक्स मशीनचं झाकण उघडा. मी गेटवर येतोय."

"का? काय झालं?"

"अजून काही झालेलं नाही. झाकण उघडा."

मी धावलो. सिक्युरिटीवाल्याने किल्ल्यांच्या जुडग्यातली बरोबर किल्ली सातव्या खेपेला शोधली. झाकण उचललं. काचेवर, रद्द म्हणून कोपरा कापलेला जुना पासपोर्ट पालथा पडलेला होता. मी चौथी प्रत निघाल्यानिघाल्या उचलली होती आणि गेलो होतो. दीड दिवस माझ्या बायकोचा इकामा त्या काचेवर तोंड खाली करून पडला होता.

पस्तीस मिनिटांनी सरांची गाडी गेटवर आली. मी पासपोर्ट खिडकीतून आत टाकला. "निघा, सर, निघा!"

त्यांनी तो उघडला. शिक्क्याचं पान काढलं, तारीख वाचली, फोटो बघितला. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. मग पासपोर्ट शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावलं, बटणावर हात ठेवला आणि गाडी वळवली.

विमान सुटायला चाळीस मिनिटं असताना ती पुन्हा त्या अधिकाऱ्यासमोर उभी होती.

मी कंट्रोल रूममध्ये बसून आकड्यांकडे बघत होतो. एकही आकडा दिसत नव्हता. पाच वाजत आले तेव्हा फोन वाजला.

"उडालं," सर म्हणाले.

"झालं!" मी जवळजवळ ओरडलो.

पलीकडून उत्तर आलं, "उडालंय. उतरायचंय अजून."

शनिवारी सकाळी ती पुण्यात पोचली. सासऱ्यांशी दिवसभर बोलली. रविवारी ऑपरेशन झालं. त्यानंतर ते अकरा दिवस होते, पण बोलले नाहीत. बोलणं झालं ते त्या शनिवारीच.

मी सरांचे आभार मानायला गेलो, ते दुसऱ्याच शुक्रवारी, गच्चीवर. टायर हलायचं थांबेपर्यंत बादली न वाजवता उभा राहिलो. मग म्हणालो, "तुम्हाला कसं कळलं, की काहीतरी राहिलंय?"

"कळलं नव्हतं," ते म्हणाले. "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही राहिलेलं नसतं. मी नुसता उभा राहून घरी येतो."

"मग?"

"मग काही नाही. नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी सैन्य घुसलं आणि इथून पळालो, तेव्हाही या घराला कुलूप लावून उभा राहिलो होतो. बसवाला शिव्या देत होता. एक्याण्णवला परत आलो तर दार तोडलेलं. फ्रीज, टीव्ही, भांडी, सगळं नेलेलं. ही तलवार तेवढी ठेवली होती, त्यांना काय आहे ते कळलं नसावं. उभं राहून काय वाचलं? काही नाही." त्यांनी चष्म्याचं रबर सारखं केलं. "वाचवायला उभं राहायचं नसतं. पण मी ते घर बघून निघालो होतो. पळालो नव्हतो."

ते साधू नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. पुढे दोनतीन वर्षांनी प्लान्टमधल्या कॉम्प्रेसरच्या मोठ्या दुरुस्तीसाठी एक जपानी तज्ज्ञ पंधरा दिवस आला. पोट सुटलेला, मितभाषी गृहस्थ. तो तरुणपणी तलवार शिकल्याचं कळलं, आणि सरांना रात्रभर झोप लागली नाही. जपान सोडल्यापासूनची सगळी वर्षं त्यांनी टायरशीच काढली होती. शुक्रवारी त्याला गच्चीवर आणलं. चिलखतं नव्हती, म्हणून प्लान्टची पिवळी हेल्मेटं घातली. दुसरी तलवार म्हणून खरोखरच पडद्याची काठी घेतली. राखणदार, मी, माझी बायको, मुलगी, सगळे टाक्यांना टेकून उभे.

बराच वेळ दोघं नुसते एकमेकांकडे बघत होते. मग सरांची ती आरोळी, आणि पाहुण्याच्या पिवळ्या हेल्मेटवर असा खण्णकन वार, की राखणदार "या सलाम!" म्हणाला. मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते. टाळी वाजवली नाही, याची नोंद व्हावी. पण सर वळले ते थेट आमच्याकडे. चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. बघितलंत ना, असं.

आणि पडद्याची काठी त्यांच्या हेल्मेटवर पडली. टक्. हलकेच.

"अंकल, यू लॉस्ट?" मुलीने विचारलं.

"येस," सर म्हणाले आणि हसत खालीच बसले. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं, की जपानमध्येही ते पहिल्या परीक्षेत याच कारणाने नापास झाले होते. वार बसला, आणि हे परीक्षकांकडे बघायला लागले. म्हातारा फोरमन बाहेर येऊन म्हणाला होता, "वार चांगला केलास. पण लगेच घरी गेलास." सर आमटी भुरकत म्हणाले, "त्यालाच वीस वर्षं झाली. मी अजून तिथेच आहे."

दोन हजार पाच साली ते निवृत्त होऊन नाशिकला गेले. टायर राखणदाराला दिलं, त्याने ते खालच्या दाराशी ठेवून त्यात तुळस लावली. म्हणजे माझ्या बायकोने लावून घेतली. बांबूची तलवार सामानात गेली, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारल्यावर सर पुन्हा "तलवार" म्हणाले. मी पुढे होऊन "बांबू, मॅडम, बांबू, स्पोर्ट्स," असं करत ते निस्तरलं. तेच विमानतळ, तीच काचेची भिंत, थोडी रंगरंगोटी झालेली. सरांनी बायकोला नमस्कार केला, मला केला. मुलगी आता माझ्या खांद्याला लागत होती, तिने त्यांना वाकून जपानी नमस्कार केला. ते आत गेले आणि एकदाही वळले नाहीत. मला जरा लागलं ते.

मी ठरवूनच आलो होतो. बायकोला म्हटलं, "तुम्ही दोघी पलीकडे बसा हवं तर. मी थांबणार आहे." आणि थांबलो. पाय दुखले, दोनदा सिक्युरिटीवाल्याने विचारलं, तरी थांबलो. बोर्डावर विमान सुटल्याची ओळ आली तेव्हाच तिथून हललो. 'झालं' हा शब्द तोंडाशी आला होता, तोही गिळला.

गाडी रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. म्हटलं, "बावन्न मिनिटं उभा होतो मी."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "नऊ वेळा घड्याळ बघितलंत."

मुलगी मागे खुदकन हसली. मी आरसा सारखा केला. खैतानचं वळण आलं तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाऊजींनी त्या दिवशी एकदाही बघितलं नव्हतं. विमानात बोलावेपर्यंत मी आतून बघत होते."